बीपी ‘नॉर्मल’ दिसत असताना शॉकमध्ये चाललेली पेशंट : एक प्रकरण अभ्यास

ही केस शिकवण्यासाठी रचलेली आहे, कुठल्या एका खऱ्या पेशंटची नाही, पण यातली एकेक गोष्ट वॉर्डात काम करणाऱ्या प्रत्येक सिस्टरने कधी ना कधी बघितलेली असते. आकडे मुद्दाम तपशिलात दिलेत, कारण शॉकबद्दल (म्हणजे अवयवांना पुरेसं रक्त आणि ऑक्सिजन न पोचणं) आपण जे वाचतो ते बहुतेक वेळा बीपी पडल्यानंतरचं असतं, आणि नर्सच्या हातात खरा वेळ असतो तो बीपी पडायच्या आधीचा.

पेशंट ५८ वर्षांच्या काकू, वजन ६० किलो. डायबेटिस आणि बीपी दोन्ही जुनं, घरी मेटफॉर्मिन (शुगरची गोळी), टेल्मिसार्टन (बीपीची गोळी) आणि मेटोप्रोलॉल (बीपीची, पल्सही कमी ठेवणारी बीटा ब्लॉकर गोळी) चालू. उजव्या कुशीत कळा येतात म्हणून दुपारी ॲडमिट झाल्या, सोनोग्राफीत उजव्या मूत्रनलिकेत खडा अडकलेला आणि त्या बाजूची किडनी फुगलेली. ॲडमिशनचे व्हायटल्स : ताप ३७.९ सेल्सियस, पल्स ८४, श्वास २०, बीपी १३२/७४. कळ थांबायला इंजेक्शन दिलं. संध्याकाळी ६ ला थंडी वाजून ताप ३८.८ झाला, पॅरासिटामॉल शिरेतून दिलं, ताप उतरला, युरिनचा रिपोर्ट यायचा बाकी आणि युरोचे (युरॉलॉजीचे) सर सकाळी बघणार होते. ८ च्या हॅंडओव्हरला शब्द होता ‘स्टेबल’.

इथे जरा थांबते. अडकलेला खडा अधिक थंडी वाजून ताप, हे दोन एकत्र आले की ती इमर्जन्सीच असते, बाकीचे आकडे कितीही बरे असोत. खड्याच्या मागे लघवी तुंबलेली, त्यात जंतू, आणि दाब वाढलेला असल्यामुळे ते सरळ रक्तात ढकलले जातात, शिवाय त्या किडनीत अँटिबायोटिकही नीट पोचत नाही. म्हणजे तुंबलेलं मोकळं केल्याशिवाय ही पेशंट सुधारणार नाही. हे डोक्यात असेल तर पुढचं सगळं वेगळ्या नजरेने दिसतं.

८ वाजता काय दिसलं

नाईटच्या सिस्टर बेडजवळ गेल्या तेव्हा मुलगी म्हणाली, “आत्ताच झोप लागलीय, दुपारपासून कळेने हैराण होती.” आता कळ थांबली, ताप उतरला, म्हणून झोप लागली हे कुणालाही पटेल. पण सिस्टरनी काकूंना हाक मारून उठवलं, नाव विचारलं, ते सांगितलं, मग काकूंनी विचारलं “डबा आला का?” आणि मिनिटभरात पुन्हा तेच विचारलं. मुलगी म्हणाली, “आई असं कधी करत नाही हो.” नातेवाईकाचं हे वाक्य मी तरी लॅब रिपोर्टइतकं गंभीर धरते. पेशंटचा नेहमीचा स्वभाव, बोलण्याचा वेग, हे त्यांना माहीत असतं, आपल्याला नसतं, आणि मेंदूला रक्त कमी पोचायला लागलं की पहिला फरक तिथेच पडतो.

मग श्वास मोजला. घड्याळ धरून पूर्ण एक मिनिट. २८ भरला. आधीच्या चार्टवर २०, २०, २० लिहिलेलं होतं. श्वासाचा वेग हा सगळ्यात जास्त अंदाजपंचे लिहिला जाणारा आकडा आहे आणि शॉकमध्ये नेमका हाच सगळ्यात आधी हलतो, कारण पेशींना ऑक्सिजन कमी पडून आम्ल साठायला लागलं की शरीर जोरात श्वास घेऊन ते बाहेर टाकायचा प्रयत्न करतं. फुफ्फुसाचा काही त्रास नसताना श्वास वाढलाय म्हणजे गडबड दुसरीकडे कुठेतरी आहे.

बाकीचं : ताप ३७.४, पल्स ९६, हवेवर सॅच्युरेशन ९४, बीपी १०८/५२. हात गरम होते, पण गुडघ्यावर जांभळट जाळीसारखे चट्टे दिसायला लागले होते. बोटाच्या टोकावर १० सेकंद दाब देऊन सोडला तर रंग परत यायला ४ सेकंद लागले, ३ च्या आत यायला हवा (यालाच सीआरटी, कॅपिलरी रिफिल टाइम म्हणतात). आणि विचारल्यावर कळलं की दुपारी ३ नंतर लघवीलाच गेल्या नाहीत.

आता १०८/५२ हे वाचून किती जण फोन करतील? ‘शंभरच्या वर आहे की’ असंच वाटतं. पण मुलीला घरचं बीपी विचारलं, ती म्हणाली औषध घेऊनही १५० च्या आसपास असतं, खालचं ९०. म्हणजे घरचा मॅप (धमन्यांतला सरासरी दाब) ११० आणि आत्ताचा ७१. आकडा एकटा नॉर्मल वाटतो, पण या बाईसाठी ती प्रचंड घसरण आहे. आणि खालचा आकडा ५२ बघा, वरच्यापेक्षा तो आधी पडलाय, रक्तवाहिन्या सैल पडल्या की असं होतं. रक्तस्रावाच्या शॉकमध्ये बरेचदा उलटं दिसतं, खालचा आकडा टिकून राहतो, वरचा खाली येतो आणि दोघांतलं अंतर कमी होत जातं. एका बीपीच्या आकड्यातून एवढं वाचता येतं, फक्त वरचाच आकडा बघायची सवय सोडावी लागते.

पल्स ९६ मध्ये तर दुसराच सापळा. मेटोप्रोलॉल घेणारी पेशंट, तिचं हृदय औषधाने बांधलेलं आहे, त्यामुळे जिथे दुसऱ्याची पल्स १३० झाली असती तिथे हिची ९६ वरच थांबली. तरीही पल्स भागिले वरचं बीपी केलं तर ०.८९ येतं, ०.५ ते ०.७ मध्ये असायला हवं. बीटा ब्लॉकर, पेसमेकर आणि म्हातारं माणूस, या तिघांत पल्स वाढली नाही म्हणजे शॉक नाही असं कधीच धरायचं नाही. तापाचंही तसंच, पॅरासिटामॉलने उतरलेला ताप म्हणजे गेलेलं इन्फेक्शन नव्हे.

न्यूज-२ स्कोर (व्हायटल्सना गुण देऊन पेशंट किती बिघडलाय ते सांगणारा) काढला : श्वासाचे ३, सॅच्युरेशनचा १, बीपीचा १, पल्सचा १, नव्याने आलेल्या गोंधळाचे ३, एकूण ९. ७ किंवा जास्त म्हणजे तातडीने डॉक्टर हवेत. गंमत म्हणजे यातले ६ गुण मशीनशिवाय मिळालेत, एक घड्याळ बघून आणि एक बोलून.

फोनवर काय सांगितलं

हे शब्दशः लिहिते, कारण नव्या मुलींना इथेच अडतं. “सर, बेड ७ च्या काकूंना लगेच बघायला या, मला सेप्टिक शॉकची सुरुवात वाटतेय. उजवीकडे खडा अडकलाय, ६ ला थंडी वाजून ताप आला होता, डायबेटिक आहेत, मेटोप्रोलॉलवर आहेत. आत्ता श्वास २८, बीपी १०८/५२ पण घरचं १५०/९० असतं, पल्स ९६, नव्याने कन्फ्यूज्ड आहेत, पाच तास लघवी नाही, सीआरटी ४ सेकंद, न्यूज ९. मी ऑक्सिजन लावते, दोन जाड लाइन घेते, लॅक्टेट आणि कल्चरची तयारी करते. आरएल सुरू करू का? आणि युरोच्या सरांना आत्ताच कळवायचं का?”

(सेप्टिक शॉक म्हणजे इन्फेक्शनमुळे आलेला शॉक. लॅक्टेट म्हणजे पेशींना ऑक्सिजन कमी पडला की रक्तात वाढणारं आम्ल, कल्चर म्हणजे जंतू कुठला ते शोधायची तपासणी, आरएल म्हणजे रिंगर लॅक्टेट हे सलाईन.) बघा, ‘सर, बीपी जरा कमी वाटतंय’ असं नाही म्हटलं. काय वाटतंय ते नाव घेऊन सांगितलं, आकडे दिले, काय करतेय ते सांगितलं आणि काय हवंय ते मागितलं. डॉक्टर १० मिनिटांत आले. आणि समजा नसते आले तर वाट बघत बसायचं नाही, वरच्या डॉक्टरांना फोन लावायचा आणि चार्टवर वेळ टाकून लिहायचं.

शॉक कुठला हे ठरवताना सिस्टरची नजर

फ्लुइड सुरू करायच्या आधी हा विचार दोन मिनिटांत झालाच पाहिजे, कारण हृदयाच्या शॉकमध्ये धडाधड सलाईन सोडलं तर पेशंट फुफ्फुसात पाणी होऊन जाते. डायबेटिक बाईला छातीत न दुखता हार्ट अटॅक येऊ शकतो म्हणून ईसीजी लगेच काढला, तो ठीक होता. मानेच्या शिरा फुगलेल्या नव्हत्या, फुफ्फुसाच्या तळाला कुरकुर आवाज नव्हता. दुपारी इंजेक्शन झालं होतं म्हणून रिॲक्शनचाही विचार केला, अंगावर पित्त नाही, ओठ-जीभ सुजलेले नाहीत, श्वासात शिट्टी नाही. (असती तर ॲड्रेनॅलिन ०.५ मिलीग्रॅम मांडीच्या स्नायूत, बाकी सगळं नंतर.) रक्त कुठून जात नव्हतं, पोट मऊ होतं. उरलं ते इन्फेक्शन, हात गरम, खालचं बीपी पडलेलं, आणि कारण समोरच दिसत होतं.

पहिला तास

दोन १८ नंबरच्या लाइन, त्यातली एक कोपराच्या खळगीतल्या जाड शिरेत, पुढे काय लागणार याचा अंदाज होता म्हणून. दोन वेगवेगळ्या जागांहून ब्लड कल्चर, मग बाकी रक्त. कॅथेटर (लघवीची नळी) टाकला, ७० मिली गढूळ लघवी आली, तिचंही कल्चर. लॅक्टेट ४.६, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा) २.१, शुगर ३१२. पहिलं अँटिबायोटिक ८:५० ला गेलं. सर्व्हायव्हिंग सेप्सिस कॅम्पेन (सेप्सिसच्या उपचारांसाठीची आंतरराष्ट्रीय मोहीम) हिच्या २०२१ च्या गाइडलाइननुसार शॉक असेल तर एका तासाच्या आत अँटिबायोटिक द्यायचं, कल्चर त्याआधी घ्यायचं पण शीर सापडत नाही म्हणून अँटिबायोटिक अर्धा तास अडवून ठेवायचं नाही. प्रत्यक्षात उशीर कशात होतो तर ऑर्डर लिहिली जाते आणि बाटली फार्मसीतून यायलाच वेळ जातो, म्हणून सिस्टरनी एका माणसाला फक्त त्याच कामाला लावलं होतं.

फ्लुइडचा हिशोब किलोला ३० मिली, म्हणजे १८०० मिली, पहिल्या तीन तासांत. पण हे एकदम ओतलं नाही, ५०० मिली गेलं की थांबून बघायचं : श्वास वाढला का, फुफ्फुसाच्या तळाला आवाज आला का, सॅच्युरेशन उतरलं का, सीआरटी सुधारला का. पाय ४५ अंशावर उचलून मिनिटभरात मॅप वाढतो का तेही बघितलं, थोडा वाढला, म्हणजे अजून फ्लुइडला जागा होती. पाय उचलणं ही तपासणी आहे, उपचार नाही. डोकं खाली आणि पाय वर करून पेशंटला तासन्तास ठेवायची जुनी सवय अजून काही ठिकाणी दिसते, त्याने बीपी टिकत नाही आणि श्वास मात्र अवघड होतो.

याच धावपळीत ९ वाजता गोळ्यांची ट्रॉली आली. टेल्मिसार्टन, मेटोप्रोलॉल, मेटफॉर्मिन, तिन्ही रात्रीच्या चार्टवर. सिस्टरनी तिन्ही थांबवल्या आणि डॉक्टरांकडून तसं लिहून घेतलं. ही गोष्ट छोटी वाटते पण शॉकमधल्या पेशंटला सवयीने बीपीची गोळी दिली जाणं ही खरीखुरी घडणारी गोष्ट आहे, आणि ते अडवणारा शेवटचा हात नर्सचाच असतो.

१००० मिली गेल्यावरही बीपी ९२/४४, मॅप ६०. डॉक्टरांनी नॉरॲड (नॉरॲड्रेनॅलिन, रक्तवाहिन्या आवळून बीपी वाढवणारं औषध) सांगितलं. सेंट्रल लाइन (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतली नळी) नाही म्हणून थांबायचं नाही, कोपराच्या खळगीतल्या किंवा तिच्या वरच्या चांगल्या शिरेतून थोड्या वेळासाठी सुरू करता येतं. ५० मिलीमध्ये ४ मिलीग्रॅम, म्हणजे मिलीला ८० मायक्रोग्रॅम. ०.०५ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट हवं तर ६० किलोला मिनिटाला ३, तासाला १८०, म्हणजे पंप २.२५ मिली तासाला. हा हिशोब दोन सिस्टरनी वेगवेगळा करून जुळवला. सिरिंजवर लेबल, त्या लाइनवर दुसरं काहीही नाही, त्या लाइनमधून फ्लश नाही, कारण फ्लश केलं की नळीत उभं असलेलं औषध एका झटक्यात आत जातं. आणि बीपीचा कफ दुसऱ्या हाताला. कफ फुगला की औषध अडतं, सुटला की एकदम जातं, मग बीपी वर-खाली नाचतं आणि सगळे पेशंटमध्ये कारण शोधत बसतात.

शिरेची जागा दर अर्ध्या तासाला डोळ्यांनी आणि बोटांनी बघितली. नॉरॲड शिरेबाहेर गेलं तर तिथली कातडी पांढरी, थंड, कडक होते आणि नंतर मरू शकते. तसं दिसलं तर त्या जागेतून औषध थांबवायचं, दुसऱ्या लाइनवर लगेच सुरू करायचं, सुई काढायच्या आधी तिच्यातून जमेल तेवढं ओढून घ्यायचं, हात उंच, गरम शेक आणि डॉक्टरांना बोलावून फेंटोलामाइन (तिथल्या आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारं औषध) आहे का विचारायचं. इथे तशी वेळ आली नाही.

रात्र

युरोच्या सरांनी रात्रीच डीजे स्टेंट (लघवी खड्याला वळसा घालून वाहावी म्हणून मूत्रनलिकेत ठेवायची बारीक नळी) टाकायचं ठरवलं. ११:३० ला थिएटरला नेताना पंपाची बॅटरी, भरलेली जादा नॉरॲड सिरिंज, ऑक्सिजन सिलिंडरचं प्रेशर आणि मॉनिटर, हे सगळं निघायच्या आधी तपासलं. स्टेंट खड्याच्या पलीकडे गेल्यावर पू आला. सगळ्यांना हायसं वाटतं अशा वेळी, पण अनुभवी सिस्टरला माहीत असतं की तुंबलेलं मोकळं करताना जंतू पुन्हा रक्तात जातात आणि पुढचे काही तास आधीपेक्षा वाईट जाऊ शकतात. तसंच झालं. आयसीयूत १ वाजता ताप ३९.२, आता हातही गार, चट्टे गुडघ्यावरून मांडीपर्यंत, लॅक्टेट ५.१, नॉरॲड वाढवत ०.२८ ला नेलं. तेव्हा व्हॅसोप्रेसिन (बीपी वाढवणारं दुसरं औषध) मिनिटाला ०.०३ युनिट जोडलं आणि हायड्रोकॉर्टिसोन (स्टिरॉइड) ५० मिलीग्रॅम दर सहा तासांनी. सेंट्रल लाइन आणि आर्टेरियल लाइन (धमनीतली, सतत बीपी दाखवणारी नळी) आली.

आर्टेरियल लाइनचा आकडा खरा मानायच्या आधी ट्रान्सड्यूसर (दाब मोजणारा सेन्सर) चौथ्या बरगडीच्या फटीत, काखेच्या मधल्या रेषेवर आहे ना ते बघायचं. पेशंटचं डोकं वर-खाली केलं आणि ट्रान्सड्यूसर तिथेच राहिला तर मॅप खोटा येतो आणि आपण खोट्या आकड्यावर नॉरॲड फिरवत राहतो.

३ वाजता नॉरॲडची सिरिंज संपत आली. बदलताना दुसरा पंप आधीच चालू करून, नवीन औषध पोचून मॅप वर सरकायला लागल्यावर जुना हळूहळू कमी केला. सिरिंज संपल्यावर बदलायला घेतली असती तर मधल्या मिनिटात मॅप कुठे गेला असता सांगता येत नाही, नॉरॲडचा परिणाम दोनेक मिनिटांतच ओसरतो.

शुगर बोटातून ४१० दाखवली. गार पडलेल्या, नॉरॲडवर असलेल्या बोटातल्या थेंबावर भरवसा नाही, आर्टेरियल लाइनच्या रक्तात ती ३४६ निघाली, इन्सुलिन त्यावर ठरलं आणि १४४ ते १८० मध्ये ठेवायचं ठरलं. सॅच्युरेशनचा प्रोबही बोटावरून कानाच्या पाळीवर लावला. पाय गार आहेत म्हणून मुलीने गरम पाण्याची पिशवी विचारली, तिला समजावलं की डायबेटिसमुळे आईला पायात चटका कळणार नाही, ब्लँकेट पुरे.

कूस बदलणं, तोंडाची स्वच्छता, चादर, हे सगळं एका दमात केलं नाही. प्रत्येक हालचालीने मॅप ५-१० ने खाली येत होता, म्हणून एक काम, मग थांबायचं, मॅप परत ६५ च्या वर आला की दुसरं. पण कूस बदलणं टाळलंही नाही, रक्तदाब कमी आणि वरून नॉरॲड, अशा पेशंटची माकडहाडाची कातडी फार लवकर जाते. बोटांची टोकं काळसर पडतात का हेही दर तासाला.

मुलीशी बोलणं दर दोन तासांनी. “आईच्या रक्तात इन्फेक्शन पसरलंय, बीपी औषधावर टिकवलंय, पू काढलाय पण पुढचे काही तास नाजूक आहेत” असं साध्या भाषेत. ‘काळजी करू नका’ असं कुणी म्हटलं नाही, कारण काळजी करण्यासारखीच परिस्थिती होती. तिला आईचा हात धरून बोलायला बसवलं.

कशावरून कळलं की वळण लागलं

पहाटे ५ नंतर. बीपीवरून नाही, ते तर औषधाने धरूनच ठेवलं होतं. सीआरटी ५ वरून ३ वर आला, मांडीवरचे चट्टे गुडघ्यापर्यंत मागे सरकले, तासाची लघवी १०, १५, २० करत सहा वाजता ३५ मिली झाली (तिला अर्धा मिली किलोमागे, म्हणजे निदान ३० हवी होती), लॅक्टेट ३.२. मग नॉरॲड कमी करायला सुरुवात, थोडं थोडं, दर वेळी सीआरटी आणि लघवी बघून. २०१९ मध्ये आलेल्या अँड्रोमेडा-शॉक नावाच्या अभ्यासात उपचार लॅक्टेट बघून करावेत की दर अर्ध्या तासाचा सीआरटी बघून, याची तुलना होती आणि सीआरटी कुठे कमी पडला नाही. म्हणजे बोटाचा दाब आणि घड्याळ, दोन्ही आपल्याच हातात असलेल्या गोष्टी, आणि लॅब बंद असली तरी चालणाऱ्या.

दुपारी व्हॅसोप्रेसिन बंद, दुसऱ्या दिवशी सकाळी नॉरॲड बंद, लॅक्टेट १.८, काकू मुलीला ओळखून नीट बोलत होत्या. नाकातल्या नळीने फीड आधीच कमी प्रमाणात सुरू झालं होतं, आता तोंडाने. कल्चरमध्ये ई. कोलाय आला, अँटिबायोटिक त्यानुसार बदललं. सेंट्रल लाइन आणि कॅथेटर गरज संपल्याबरोबर काढले, कारण रोज विचारलं नाही तर ते तसेच राहतात आणि नवं इन्फेक्शन आणतात.

चौथ्या दिवशी वॉर्डला पाठवताना हॅंडओव्हरमध्ये तीन गोष्टी ठळक लिहिल्या. मेटोप्रोलॉल आणि टेल्मिसार्टन अजून बंद आहेत, कधी आणि कुठल्या क्रमाने सुरू करायच्या ते डॉक्टरांना विचारून घेणे. मेटफॉर्मिन क्रिएटिनिन बघूनच. आणि डीजे स्टेंट आत आहे, खडाही अजून तिथेच आहे, खडा काढायची आणि स्टेंट काढायची तारीख डिस्चार्ज कार्डवर लिहून मुलीला वाचून दाखवणे, कारण कळ थांबली की लोक स्टेंट विसरतात आणि महिनोन्महिने आत राहिलेल्या स्टेंटवर पुन्हा खडे धरतात.